एकच शॉट, दोन अंतरं : फ्री थ्रो आणि थ्री पॉइंटर पक्के कसे करायचे

७ एप्रिल २००८. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरातलं अलामोडोम स्टेडियम, अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलची फायनल. दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ उरला होता आणि मेम्फिसचा संघ कॅन्ससच्या ९ गुणांनी पुढे होता. कॅन्ससने मुद्दाम फाउल करायला सुरुवात केली, कारण मेम्फिसची दुखरी नस सगळ्यांना ठाऊक होती. फाउल झाल्यावर ठरलेल्या रेषेवरून, कोणी न अडवता टाकायचा एका गुणाचा शॉट म्हणजे फ्री थ्रो. त्या मोसमात त्यांचे शंभरातले ६१ च्या आसपास फ्री थ्रो पडत होते. शेवटच्या सव्वा मिनिटात त्यांनी पाचपैकी चार चुकवले. डेरिक रोझसारख्या खेळाडूचाही दोनपैकी एकच पडला. मग २.१ सेकंद उरले असताना कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने थ्री पॉइंटच्या रेषेबाहेरून तीन गुणांचा शॉट, म्हणजे थ्री पॉइंटर, टाकला, बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये कॅन्सस ७५-६८ ने जिंकलं.

सतरा वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, त्याच अलामोडोममध्ये सेमीफायनल. ड्यूक जेमतेम ३५ सेकंद उरले असताना ह्यूस्टनच्या ६ गुणांनी पुढे. ह्यूस्टनने एक थ्री पॉइंटर टाकला, लगेच एक डंक केला (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घातला). फरक एक गुणाचा. ड्यूकच्या टायरीस प्रॉक्टरला फ्री थ्रो मिळाला, तो चुकला. रिबाउंडच्या, म्हणजे परत उसळलेला चेंडू पकडण्याच्या, झटापटीत ड्यूकवर फाउल लागला आणि ह्यूस्टनच्या जे'वॉन रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो टाकून आघाडी घेतली. ह्यूस्टन ७०-६७ ने जिंकलं.

दोन्ही सामन्यांत हरणाऱ्या संघाने चाळीस मिनिटांतली बहुतेक मिनिटं उत्तम खेळ केला होता. सामना गेला तो दोन जागी : अडवायला कोणी नसताना टाकायच्या फ्री थ्रोवर आणि समोरच्याच्या लांबच्या शॉटवर. संध्याकाळी सिमेंटच्या कोर्टावर मुलांबरोबर उभा असताना मला रोज दिसतं की लेअप (रिंगजवळ धावत जाऊन टाकायचा शॉट), ड्रिबल, धावणं यांवर तासभर जातो आणि फ्री थ्रो उरतो घरी जायच्या आधीच्या पाच मिनिटांपुरता. थ्री पॉइंटर तर कोणी शिकवतच नाही, जो तो आपापल्या पद्धतीने फेकतो. म्हणून हा लेख. माझं ठाम मत असं की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. फ्री थ्रो हा लांबच्या शॉटचा पाया आहे आणि लांबचा शॉट म्हणजे तोच फ्री थ्रो अडीच मीटर मागून. एक बिघडला की दुसराही डगमगतो.

आधी हिशेब

पन्नास टक्के पडणारा दोन गुणांचा शॉट सरासरी एक गुण देतो. थ्री पॉइंटर तेवढाच गुण द्यायला फक्त ३३.३ टक्के पडावा लागतो. आणि दोन फ्री थ्रो? शंभरात ७० पडत असतील तर १.४ गुण, ८० पडत असतील तर १.६. बास्केटबॉलमध्ये कुठलाही सर्वसाधारण हल्ला इतका फायद्याचा नसतो. तरीही अमेरिकी कॉलेजांच्या पुरुष संघांची फ्री थ्रोची सरासरी गेली कित्येक दशकं ७० च्या आगेमागेच घुटमळते आहे. खेळ वेगवान झाला, खेळाडू उंच आणि ताकदवान झाले, हा आकडा मात्र फारसा हलला नाही. सरावाची सवय बदलली नाही, एवढंच त्याचं कारण मला दिसतं.

अमेरिकी पुरुष कॉलेज खेळातला 'वन अँड वन' हा नियम हा हिशेब आणखी कडक करतो. २० मिनिटांचा एक हाफ असतो. त्यात समोरच्या संघाचे सात फाउल झाले की तुम्हाला एक फ्री थ्रो मिळतो, आणि तो पडला तरच दुसरा. दहाव्या फाउलपासून सरळ दोन. म्हणजे ६० टक्क्यांचा खेळाडू वन अँड वनवर सरासरी ०.९६ गुण मिळवतो, ७० चा १.१९, ८० चा १.४४, ९० चा १.७१. साठ टक्केवाल्याला फाउल करणं हा बचाव करणाऱ्या संघाचा शहाणपणाच ठरतो. महिलांच्या कॉलेज खेळात २०१५-१६ पासून चार क्वार्टर आले आणि पाचव्या फाउलला थेट दोन फ्री थ्रो मिळू लागले. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे, नियम चालतात, तिथेही तसंच.

थ्री पॉइंटची रेषा अमेरिकी कॉलेजांच्या पुरुष खेळात सरसकट आली १९८६-८७ मध्ये, १९ फूट ९ इंचांवर. पहिल्याच मोसमाच्या फायनलमध्ये इंडियानाच्या स्टीव्ह आल्फर्डने दहापैकी सात थ्री पॉइंटर टाकले. त्याच सामन्यात, अर्धा मिनिट उरलेलं असताना, सिरॅक्यूजच्या डेरिक कोलमनचा वन अँड वनमधला पहिलाच फ्री थ्रो चुकला. इंडियाना ७४-७३ ने जिंकलं. थ्री पॉइंटची नवी रेषा आणि फ्री थ्रोची जुनी रेषा, दोघींनी मिळून एका गुणाचा निकाल लावला.

थ्री पॉइंटची रेषा पुढे दोनदा मागे सरकली. २०१९-२० पासून पहिल्या दर्जाच्या पुरुष कॉलेज संघांसाठी ती ६.७५ मीटरवर आहे, महिलांसाठी २०२१-२२ पासून. हीच फिबाची रेषा. म्हणजे पुण्यात, नागपुरात, साताऱ्यात आखलेल्या कोर्टावरून तुम्ही जो थ्री पॉइंटर टाकता, तो अंतराने अगदी ड्यूक किंवा ह्यूस्टनच्या खेळाडूचाच शॉट आहे. एनबीएची, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक लीगची, रेषा अजून लांब, ७.२४ मीटरवर. तिच्या नादाला सध्या लागू नका.

पायरी १ : टेप आणि वही

सराव सुरू करण्याआधी कोर्ट मोजा. हे कोणी करत नाही आणि त्याचा पुढे फार त्रास होतो. रिंगची उंची ३.०५ मीटर हवी. सिमेंटवर दुसरा थर टाकून कोर्ट दुरुस्त केलं असेल तर जमीन वर येते आणि रिंग चार-पाच सेंटिमीटर खाली आलेली असते. फ्री थ्रोची रेषा बोर्डाच्या खालच्या जागेपासून ४.६० मीटर. थ्री पॉइंटची रेषा रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटर, कोपऱ्यात ६.६०. फिबाची रेषा २०१० पर्यंत ६.२५ मीटरवर होती, त्यामुळे जुन्या कोर्टावर ती जुनी रेषा असू शकते. तिथे शिकलेला खेळाडू आंतरविद्यापीठ स्पर्धेत गेला की त्याचे शॉट आखूड पडतात आणि त्याला वाटतं आपला हात गेला. हात गेलेला नसतो, रेषा अर्ध्या मीटरने मागे गेलेली असते. खडूने खरी रेषा काढा. फ्री थ्रो रेषेच्या बरोबर मध्यावर एक ठिपकाही काढा. अमेरिकेतल्या लाकडी कोर्टांवर त्या जागी बहुधा खिळ्याची खूण असते आणि खेळाडू पाय तिच्यावरून लावतात.

मग वही. पहिल्या आठवड्यात काहीही सुधारू नका, फक्त मोजा. रोज २० फ्री थ्रो, दोन-दोनच्या जोड्यांत, आणि पाच जागांवरून पाच-पाच थ्री पॉइंटर : दोन कोपरे, दोन बाजू, मधली जागा. पाच दिवसांत शंभर फ्री थ्रो आणि सव्वाशे थ्री होतात. एवढे आकडे जमल्याशिवाय स्वतःबद्दल मत बनवू नका. दहापैकी सात पडले म्हणजे तुम्ही सत्तर टक्क्यांचे झालात असं नव्हे. वॉफर्ड कॉलेजचा फ्लेचर मॅगी ५०९ थ्री पॉइंटर टाकून गेला, त्या वेळी तो सगळ्यांत मोठा आकडा होता. २०१९ च्या स्पर्धेत केंटकीविरुद्ध त्याचे बाराच्या बारा थ्री चुकले आणि वॉफर्ड ६२-५६ ने हरलं. एका संध्याकाळवरून शूटर ओळखता येत नाही, चांगल्या संध्याकाळवरून तर मुळीच नाही.

वहीत तीन खुणा ठेवा : आखूड, लांब, बाजूला. किती पडले यापेक्षा कसे चुकले हे जास्त शिकवतं. आखूड चुकणारा शॉट बहुतेक वेळा पायांची तक्रार असते. डावीकडे-उजवीकडे जाणारा शॉट कोपराची किंवा आधाराच्या हाताच्या अंगठ्याची. किंचित लांब जाऊन मागच्या कडेला लागणारा शॉट मला आवडतो, कारण त्याची दिशा बरोबर असते आणि ताकदही पुरलेली असते.

पायरी २ : रिंगपासून दीड मीटरवर, एका हाताने

इथे सगळ्यांना कंटाळा येतो आणि इथेच शॉट बनतो. म्हणून सावकाश सांगतो.

रिंगसमोर दीड मीटरवर उभे राहा. पाय खांद्यांइतके रुंद, उजव्या हाताने टाकणाऱ्याचा उजवा पाय चार बोटं पुढे. दोन्ही पावलं अगदी सरळ रिंगकडे असलीच पाहिजेत असा हट्ट नको. बऱ्याच जणांना किंचित डावीकडे वळलेली पावलं सोयीची पडतात, खांदा मोकळा राहतो. मात्र रोज तीच ठेवा.

चेंडू बोटांच्या पेरांवर. तळहात आणि चेंडू यांत एक बोट जाईल एवढी फट. तर्जनी चेंडूच्या मध्यावर, कारण हातातून सगळ्यांत शेवटी तीच सुटते आणि दिशा तीच ठरवते. कोपर चेंडूखाली. मनगट मागे दुमडलेलं, इतकं की त्यावर सुरकुत्या पडतील. आता गुडघे वाकवा आणि वर येता येता हात सरळ करा. ताकद जमिनीतून येते, खांद्यातून नाही. शेवटी मनगट पुढे पडतं आणि बोटं रिंगच्या आत डोकावल्यासारखी खाली झुकतात. तो हात चेंडू जाळीतून पडेपर्यंत तसाच वर ठेवा. लहान मुलांना मी सांगतो, उंच फडताळावरच्या बरणीत हात घालताय असं समजा.

वीस शॉट एका हाताने. मग दुसरा हात फक्त बाजूला टेकवा आणि वीस शॉट. दुसऱ्या हाताचं काम चेंडू पडू न देणं एवढंच. आपल्याकडच्या मुलांची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे डाव्या अंगठ्याने चेंडू ढकलणं. लहानपणी मोठा, जड चेंडू उंच रिंगपर्यंत पोहोचवायला दोन्ही हात लावावे लागले, ती सवय कॉलेजातही सुटत नाही. ओळखायची युक्ती : चेंडू हवेत आडवा फिरत असेल तर अंगठा मध्ये येतोय. सरळ मागे गिरकी घेत असेल तर हात स्वच्छ आहे. चेंडूवरच्या काळ्या रेषा आडव्या धरून टाका, लगेच दिसतं. चार-पाच महिन्यांची खोड असेल तर दोन आठवड्यांत जाते, दहा वर्षांची असेल तर पूर्ण उन्हाळा द्या. परीक्षेनंतरच्या सुट्टीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

चेंडू खालून दोन हातांनी टाकण्याची जुनी पद्धतही आहे. एनबीएचा जुना खेळाडू रिक बॅरी तशीच टाकायचा आणि त्याचा मुलगा कॅनियन बॅरी २०१६-१७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाकडून तशीच टाकून ८८ टक्क्यांच्या पुढे गेला. त्या पद्धतीत काहीही चुकीचं नाही. पण तिच्यातून थ्री पॉइंटर घडत नाही, म्हणून मी ती शिकवत नाही.

पायरी ३ : कमान

रिंगचा व्यास ४५.७ सेंटिमीटर, पुरुषांच्या चेंडूचा सुमारे २४. वरून सरळ पाहिलं तर रिंगमध्ये जवळजवळ दोन चेंडू शेजारी मावतात. पण चेंडू तिरका येतो, आणि जितका सपाट येईल तितकी त्याला रिंग अरुंद मिळते. ४५ अंशांत उतरणाऱ्या चेंडूला सुमारे ३२ सेंटिमीटरचं दार मिळतं. ३० अंशांत उतरणाऱ्याला २३ सेंटिमीटरचंही धड नाही, म्हणजे कडेला न लागता तो आत जाऊच शकत नाही. शाळेतली त्रिकोणमिती इथे कामी येते.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतले लॅरी सिल्व्हरबर्ग आणि चाऊ ट्रान यांनी संगणकावर लाखो फ्री थ्रो टाकून पाहिले. त्यांचं उत्तर असं : चेंडू सुमारे ५२ अंशांत सुटावा, सेकंदाला तीन उलट्या गिरक्या घ्याव्यात, आणि नेम रिंगच्या मध्यावर न धरता थोडा मागे धरावा, मागची कड आणि चेंडू यांत दोन इंचांहून थोडी कमी फट राहील इतका. चेंडू रिंगपर्यंत जायला साधारण एक सेकंद घेतो, म्हणजे वाटेत तीन गिरक्या. तुमची उंची कमी असेल तर कमान आणखी किंचित उंच ठेवा.

कोन मोजायला यंत्र नको. मोबाईल कोर्टाच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून चित्रण करा. चेंडूचा सर्वांत उंच बिंदू बोर्डाच्या वरच्या कडेपर्यंत किंवा त्याहून वर दिसला पाहिजे. मोबाईल नसेल तर मित्राला तीन पावलं पुढे, झाडू उभा धरून उभं करा आणि त्यावरून शॉट टाका. नजर मात्र चेंडूमागे पळवू नका, ती रिंगच्या मागच्या कडेवरच खिळलेली हवी.

उघड्यावरच्या कोर्टावर वारा असतो, तेव्हा उंच कमानीची भीती वाटते. वाऱ्याच्या दिवशी कमान बदलू नका, त्या दिवशी आकडे मोजू नका.

पायरी ४ : रेषेवरचा आपला क्रम

फ्री थ्रो हा खेळातला एकच शॉट असा, जो प्रत्येक वेळी अगदी सारखा असतो. मग त्याच्या आधीचे क्षणही सारखे हवेत. मघाशी सांगितलेल्या आल्फर्डचा क्रम इतका पक्का होता की इंडियानाचे प्रेक्षक तो मोठ्याने म्हणायचे : मोज्यांना हात, चड्डीला हात, एक, दोन, तीन ड्रिबल आणि आत. मिसुरी स्टेटचा ब्लेक अहर्न कॉलेजच्या चार वर्षांत ४६० पैकी ४३५ फ्री थ्रो टाकून गेला, म्हणजे ९४.६ टक्के. इतकी वर्षं अशी सरासरी एकाच ठरावीक रीतीशिवाय टिकत नाही.

तुमचा क्रम छोटा ठेवा. ठिपक्यावर पाय, दोन किंवा तीन ड्रिबल, एक लांब उच्छ्वास, मागच्या कडेवर नजर, शॉट. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या : अमेरिकी कॉलेज नियमात पंचांनी चेंडू दिल्यावर दहा सेकंद मिळतात, फिबाच्या नियमात फक्त पाच. अमेरिकी खेळाडूंचे व्हिडिओ पाहून सात-आठ सेकंदांचा क्रम बसवलात तर आपल्या स्पर्धेत पंच शिट्टी वाजवतील आणि शॉट जाईल. घड्याळ लावून चार सेकंदांत बसवा.

पायरी ५ : दोन-दोन, आणि दमल्यावर

सलग पन्नास फ्री थ्रो टाकणं हा सराव नाही. दहाव्या शॉटनंतर हात आपोआप जुळतो, आकडा छान येतो आणि सामन्यात त्याचा उपयोग होत नाही, कारण सामन्यात अकरावा शॉट कधीच नसतो. सामन्यात दोन असतात, तेही धावून आल्यावर, छाती धपापत असताना.

म्हणून फ्री थ्रो सरावाच्या मध्ये पेरा. कोर्टाच्या दोन फेऱ्या धावा, दोन फ्री थ्रो. लेअपचा एक संच, दोन फ्री थ्रो. बचावासाठी बाजूला सरकण्याचा सराव, दोन फ्री थ्रो. तासाभरात वीस जोड्या होतात, म्हणजे ४० शॉट, आणि प्रत्येक जोडी सामन्यासारखी. संघ असेल तर वन अँड वन खेळा : पहिला चुकला तर सगळ्या संघाची एक फेरी, पहिला पडून दुसरा चुकला तर अर्धी. फिबात हा नियम नसला तरी सरावात त्याच्यासारखा चांगला नियम नाही, पहिल्या शॉटला वजन येतं.

२०२१-२२ मध्ये विलानोवाच्या संघाने मोसमभर ८३ टक्के फ्री थ्रो टाकले आणि पहिल्या दर्जाच्या कॉलेज संघांमधला विक्रम केला. हे आकडे संपूर्ण संघाचे आहेत, एका तज्ज्ञाचे नाहीत. उंच खेळाडूंनीही चांगले टाकल्याशिवाय असं शक्य होत नाही. आपल्याकडे उंच मुलाला 'तू रिबाउंड घे' म्हणून शॉटच्या सरावातून बाजूला काढतात, आणि सर्वांत जास्त फाउल त्याच्यावरच होतात. हे मला खरोखर बोचतं.

पायरी ६ : मागे सरकणं

फ्री थ्रोच्या रेषेपासून रिंगच्या मध्यापर्यंत जमिनीवरचं अंतर सुमारे ४.२ मीटर, थ्रीच्या रेषेपासून ६.७५. मधल्या अडीच मीटरचे पाच टप्पे करा, अर्ध्या-अर्ध्या मीटरचे. खडूने खुणा करा. एका खुणेवरून दहापैकी सात, दोन दिवस लागोपाठ, तेव्हाच पुढची खूण. शेवटच्या दोन टप्प्यांवर दहापैकी पाच पुरेत.

मागे जाताना काय बदलतं? हाताचं काहीच नाही. गुडघे जास्त वाकतात, उडी आणि चेंडू सुटणं यांतलं अंतर कमी होतं, म्हणजे उडीच्या टोकावर न थांबता वर जाता जाताच चेंडू सोडायचा. खांदा मागे ओढून चेंडू फेकल्यासारखा जात असेल तर तुम्ही एक टप्पा लवकर मागे आलात. पुढे या. यात कमीपणा नाही. वर्षभर साडेपाच मीटरवरूनच टाकणारा, पण दहातले सहा पाडणारा खेळाडू संघाला हवाच असतो.

अमेरिकेत एनबीएसाठी कॉलेजचे खेळाडू हेरणारे लोक त्यांच्या थ्रीच्या टक्क्यांबरोबर फ्री थ्रोचे टक्केही बारकाईने पाहतात, कारण हात मुळात किती स्वच्छ आहे ते तिथे कळतं. तुमच्या वहीतही हे दिसेल. फ्री थ्रो ७५ च्या वर आणि थ्री २५ ला अडकला असेल तर पाय आणि अंतरावर काम करा. दोन्ही खाली असतील तर परत दीड मीटरवर जा.

पायरी ७ : सामन्यातला लांबचा शॉट

एकट्याने उभ्या जागी टाकलेला थ्री आणि सामन्यातला थ्री यांत फरक पायांचा असतो. चेंडू हातात येण्याआधी पाय तयार हवेत, गुडघे वाकलेले, हात छातीसमोर उघडे. चेंडू आल्यावर वाकलात तर बचाव करणारा पोहोचला. दोन पायांवर छोटी उडी घेऊन झेलायचा की डावा-उजवा अशा दोन पावलांत, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण एकच ठरवावं.

साथीदार घ्या. तो रिंगखालून पास देईल, तुम्ही पाच जागांवर फिरत राहाल, एका जागी दोनपेक्षा जास्त शॉट नाहीत. साथीदार नसेल तर चेंडू स्वतःच पुढे उलटी गिरकी देऊन टाका, उसळून हातात येईल. हे जमल्यावर साथीदाराने पास देऊन हात वर करून तुमच्या अंगावर धावत यावं. ड्रिबल करून टाकायचा थ्री सर्वांत शेवटी शिका. कोपरा आधी शिका, तिथे रेषा १५ सेंटिमीटर जवळ आहे. मात्र तिथे मागे बोर्ड दिसत नाही आणि पाय रेषेबाहेर जातो, म्हणून पावलं आधी मोजून ठेवा.

कुठला थ्री टाकायचा? आतून बाहेर आलेल्या पासवरचा, समोर कोणी नसतानाचा. २०१८ च्या सेमीफायनलमध्ये विलानोवाने कॅन्ससविरुद्ध १८ थ्री टाकले आणि ९५-७९ ने जिंकले. त्यांचे उंच खेळाडूही बाहेरून टाकत होते, म्हणून कॅन्ससचा बचाव आत थांबू शकला नाही. लांबच्या शॉटचं खरं काम हे आहे. तो पडण्याआधीच आतली जागा मोकळी करतो, त्या जागेत शिरणाऱ्यावर फाउल होतो आणि फाउलमधून फ्री थ्रो मिळतो. साखळी अशी पूर्ण होते. त्याच वर्षी पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीने (मेरीलंडमधल्या एका विद्यापीठाने) ७४-५४ ने हरवलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडलं. यूएमबीसीचे २४ पैकी १२ थ्री पडले, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४.

आयोवाची केटलिन क्लार्क हे दोन्ही शॉट एका हातात असण्याचं सर्वांत चांगलं उदाहरण. १५ फेब्रुवारी २०२४ ला तिने मधल्या वर्तुळाजवळून थ्री टाकून एनसीएएचा, म्हणजे अमेरिकी कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेचा, महिलांमधला गुणांचा विक्रम मोडला. ३ मार्चला पुरुषांमधला विक्रम असलेल्या पीट मॅराव्हिचचे ३,६६७ गुण ओलांडले, तेही टेक्निकल फाउलवर (अंगाला न लागता झालेल्या नियमभंगावर) मिळालेल्या फ्री थ्रोने. लोकांना आठवतो तो पहिला शॉट. मी मुलींना दुसरा दाखवतो.

पायरी ८ : शेवटचं मिनिट

२०१९ च्या सेमीफायनलमध्ये व्हर्जिनिया ऑबर्नच्या दोन गुणांनी मागे होतं. ०.६ सेकंद उरले असताना थ्री टाकणाऱ्या काइल गायवर फाउल झाला. तीन फ्री थ्रो, तिन्ही आत, ६३-६२. दोन दिवसांनी व्हर्जिनिया विजेते झाले, वर्षभरापूर्वी यूएमबीसीकडून हरलेलाच संघ. १९९३ मध्ये सांता क्लाराने ॲरिझोनाला धक्का दिला, तेव्हा शेवटच्या अर्ध्या मिनिटात सलग सहा फ्री थ्रो टाकणारा मुलगा पहिल्या वर्षाला होता, त्याचं नाव स्टीव्ह नॅश, पुढे एनबीएत गाजलेला.

याची तयारी करता येते. सरावाच्या शेवटी सगळ्यांना रिंगभोवती उभं करा, ओरडायला सांगा, बाटल्या वाजवायला सांगा. ॲरिझोना स्टेटचे विद्यार्थी २०१३ पासून रिंगमागे पडदा उघडून चित्रविचित्र सोंगं दाखवतात, २०१६ मध्ये तर जलतरणपटू मायकल फेल्प्स पोहण्याच्या चड्डीत तिथे उभा राहिला होता. आपल्या स्पर्धांत ढोल-ताशा असतो, तो सरावातही आणा. गुणफलक ठरवा : एक गुणाने मागे, चार सेकंद, दोन शॉट. दिवसाला प्रत्येकाला एकच संधी. चुकला तर उद्या. दुसरी संधी दिलीत तर त्या शॉटचा ताण संपतो.

संघाच्या कोचनी आणखी एक यादी फळ्यावर लावावी : पहिल्या ते शेवटच्या खेळाडूचे वहीतले फ्री थ्रोचे टक्के. आघाडीवर असताना शेवटच्या मिनिटात चेंडू पहिल्या तिघांच्याच हातात राहिला पाहिजे, आणि बाहेरून चेंडू आत देताना पास त्यांनाच.

आठवडा कसा लावायचा

पाच दिवस, रोज पाऊण ते एक तास. सुरुवातीला रिंगजवळ ४० शॉट, त्यात सूट नाही, विक्रमवीरालाही नाही. मग मधल्या टप्प्यांवरून ३०, थ्रीच्या रेषेवरून ६० (जे तिथपर्यंत आलेत त्यांनी), आणि या सगळ्यांत पेरलेले २० जोड्या फ्री थ्रो. आठवड्याला २०० फ्री थ्रो आणि ३०० थ्री होतात. सहाव्या दिवशी फक्त खेळा. सातव्या दिवशी विश्रांती. खांदा किंवा कोपर दुखत असेल तर थ्री बंद, जवळचे शॉट चालू. वहीची बेरीज महिन्यातून एकदाच करा, रोजच्या आकड्यांनी उगाच जीव वरखाली होतो.

सामन्याच्या दिवशी तासभर आधी पोहोचा. नव्या हॉलमध्ये बोर्डामागची भिंत, दिवे, रिंगची कडक-सैल उसळी सगळं वेगळं असतं. आधी दीड मीटरवर दहा शॉट, मग कमानीचे दहा. संघाचा वॉर्म-अप पहिल्या हाफमध्ये तुम्ही ज्या रिंगवर हल्ला करणार तिथे होतो, त्यामुळे दुसऱ्या रिंगकडे कोणी फिरकत नाही. पण हाफनंतर बाजू बदलतात, शेवटचं मिनिट त्या दुसऱ्या रिंगवर खेळलं जातं, आणि ओव्हरटाइम झाला तर तोही तिथेच. वॉर्म-अप सुरू होण्याआधी तिकडे जा, ठिपका शोधा, पाय लावा, आणि आपल्या पूर्ण क्रमाने दोन फ्री थ्रो टाकून या.